'उचलून आणा' म्हणणाऱ्यांना मार्सेल आठवतं का?

परदेशात पळालेल्या आरोपीची बातमी आली की भोर-वेल्ह्यापासून मुंबईपर्यंत स्टेटसवर एकच मागणी असते: कोर्टबिर्ट कशाला, उचलून आणा आणि लटकवा. यातलेच बरेच जण सावरकरांच्या मार्सेलच्या उडीबद्दल अभिमानानं बोलतात.

8 जुलै 1910 ला सावरकर बोटीतून निसटून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. तिथं पकडून त्यांना लगेच बोटीवर परत नेलं. फ्रान्सनं त्यांना परत मागितलं. मुद्दा एवढाच, की आमच्या भूमीवर पोचलेल्या माणसाला रीतसर प्रत्यार्पणाशिवाय नेता येत नाही. 24 फेब्रुवारी 1911 ला हेगच्या लवादानं अटकेत अनियमितता झाल्याचं मान्य केलं, तरी ब्रिटननं त्यांना परत द्यायची गरज नाही असं ठरवलं. तो निकाल आपल्याला आजही खुपतो. मग जी रीत डावलली म्हणून आपण चिडतो, तीच इतरांसाठी डावला असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

या रीतीत अनाकलनीय काही नाही. ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं, प्रथमदर्शनी पुरावा असावा, मागणी राजकीय सूडापोटी नसावी आणि ज्या गुन्ह्यासाठी माणूस आणला त्याचाच खटला चालावा. आपल्याच 1962 च्या कायद्यात ही तत्त्वं आहेत. त्याआधीच्या 1903 च्या कायद्यात तर ब्रिटिश मुलूख आणि भोरसारखी संस्थानं यांच्यातल्या आरोपींच्या देवघेवीलाही नियम होते.

'मग अबू सालेमला 25 वर्षांचीच हमी का?' हा प्रश्न रास्त आहे. 1993 च्या स्फोटांत 257 माणसं गेली. पण फाशी नाही आणि 25 वर्षांहून जास्त कैद नाही, हा शब्द दिला म्हणून पोर्तुगालनं 2005 मध्ये त्याला दिलं. शब्द दिला नसता तर तो इथल्या कोर्टात उभाच राहिला नसता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा शब्द पाळायला सांगितलं, ते बरोबरच होतं. एकदा शब्द फिरवला तर पुढचा आरोपी कोण देईल?

राग काढायचाच तर योग्य जागी काढा. पुरुलियात शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातला किम डेव्ही डेन्मार्कनं 2011 मध्ये दिला नाही. इथं छळ होण्याचा धोका आहे, असं तिथल्या कोर्टाला वाटलं. म्हणजे आपल्या कोठड्यांतली मारहाण शेवटी आरोपीच्याच कामी आली. ती थांबवा, ही मागणी कुणाच्या स्टेटसवर दिसते?