पासिंगचं वर्ष खरं, पण गाडी कोणत्या महिन्यातली?

बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुरू झाली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर आणि आजही, केजहून अंबाजोगाईच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा तर एसटी, काळीपिवळी नाहीतर घरची गाडी, एवढंच हाताशी असतं. घरची गाडी म्हणजे बहुतेक वेळा छोटी, आणि घरातली पहिली असेल तर बहुतेक वेळा सेकंडहँड.

तिचा सौदा ठरलेल्या प्रश्नांवर चालतो. मॉडेल कितीचं? पासिंग कुठलं? ओनर कितवा? पुण्याची एमएच-12 किंवा एमएच-14 असेल तर विकणाऱ्याचा आवाज चढतो, बीडची एमएच-23 असेल तर घेणारा भाव पाडतो. ऊसट्रॉल्यांच्या मागं धारूरच्या घाटात पहिल्या गिअरवर रखडलेली असणार, असा हिशेब. त्यात तथ्य असतंही. पण गाडी कुठं आणि नेमकी कोणत्या महिन्यात बनली, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आरसीवर नोंदणीच्या तारखेबरोबर उत्पादनाचा महिना आणि वर्षही छापलेलं असतं. नजर मात्र नोंदणीवरच थांबते.

इथंच गिऱ्हाईक फसतं. डिसेंबरात बनलेली गाडी शोरूमला पडून राहते, जानेवारीत तिचं पासिंग होतं आणि पुढच्या प्रत्येक व्यवहारात ती एक वर्षाने तरुण म्हणून विकली जाते. एका वर्षाच्या घसाऱ्याचाच प्रश्न असता तर सोडून देता आलं असतं. काही वर्षं मात्र अशी आहेत की त्यांच्या पोटात दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत.

2019 हे तसं वर्ष. 1 एप्रिलपासून बनणाऱ्या कारना एबीएस सक्तीचं झालं. 1 जुलैपासून चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटच्या बेल्टसाठी बझर, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. ऑक्टोबरपासून आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांनाही धडक-चाचणीचे निकष लागू झाले. पस्तीस वर्षं चाललेली ओम्नी याच रेट्यात बंद पडली. मारुतीने एप्रिल 2019 मध्ये अल्टोचं तोंड बदललं, इंजिन बीएस-6 केलं, एबीएस आणि चालकाची एअरबॅग सरसकट दिली. म्हणजे ‘2019 ची अल्टो’ या एकाच नावाखाली फेब्रुवारीतली बीएस-4 गाडीही येते आणि ऑगस्टमधली बीएस-6 गाडीही. नियम पाहतात ती उत्पादनाची तारीख, नोंदणीची नव्हे. मे महिन्यात बनलेली, एअरबॅग नसलेली गाडी ऑगस्टमध्ये कायदेशीरपणे पासिंग होऊन रस्त्यावर आलेली असू शकते. शेजारच्या सीटची एअरबॅग तर सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती 31 डिसेंबर 2021 पासून. बायको-पोरांना घेऊन सोलापूर-धुळे महामार्गावर रोज चढणाऱ्या माणसासाठी हा फरक म्युझिक सिस्टीम आणि सीटकव्हरपेक्षा मोठा आहे, पण सौद्यात भाव खातं ते सीटकव्हरच.

आता कारखान्याकडे वळू. ‘गुडगावची मारुती भारी, गुजरातची हलकी’ अशी वाक्यं गॅरेजमध्ये ठामपणे बोलली जातात. युरोपातही असाच वाद झाला: निसानची मायक्रा आधी इंग्लंडमधल्या संडरलंडला बनायची, 2010 पासून ती चेन्नईजवळून जायला लागली, आणि गाडीतल्या प्रत्येक खडखडाटाला चेन्नई जबाबदार ठरू लागली. बीडच्या माणसाला मात्र उदाहरणासाठी लांब जायला नको. 2008 च्या जानेवारीत स्कोडाची फाबिया आली तेव्हा ती औरंगाबादच्या शेंद्र्याला जोडली जात होती. 2009 मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी फाबियाच होती. शेंद्र्याला प्रामुख्याने बाहेरून आलेले सुटे भाग जोडण्याचं काम. चाकणला पत्रा दाबणं, बॉडी वेल्डिंग, रंग असं सगळं. अशा बदलाने वेल्डिंगचा दर्जा किती हलला यावर गप्पा कितीही रंगतील. मालकाच्या खिशाला जाणवतं ते वेगळंच असतं: भाग परदेशातून यायचा की पुण्याच्या पट्ट्यातून, आणि तो बीडला किती दिवसांत, किती रुपयांत पोचायचा. 2013 मध्ये फाबिया भारतातून गेलीच. तळेगावची शेवरोले बीट घ्या. कंपनीने 2017 च्या शेवटी देशातली विक्री थांबवली, बीट मेक्सिकोला मात्र जात राहिली, आणि 2020 च्या डिसेंबरात कारखाना बंद झाला. परदेशी ग्राहकासाठी जी गाडी चालत होती ती इथं मातीमोल भावाने विकली जाऊ लागली. तिच्या धातूत काही बिघडलं नव्हतं. पाठीमागचं दार बंद झालं होतं.

चाकणचीच दुसरी गाडी या वादाचा निकाल लावते. जानेवारी 2014 च्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने पाच भारतीय छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटरच्या वेगाने आपटल्या: अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. युरोपात पाच तारे मिळवलेल्या पोलोला शून्य, म्हटल्यावर ‘भारतात बनवली की असंच’ हा शेरा सोपा होता. पण अहवालात पोलो आणि फिगोचा सांगाडा स्थिर राहिल्याचं नमूद होतं. पोलोला नडली ती एअरबॅग नसणं. दोन एअरबॅगची पोलो आपटली तेव्हा चार तारे मिळाले आणि फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो विक्रीतून काढली. कारखाना चाकणचाच राहिला, नावही तेच. कंपनीच्या कार्यालयात कोणीतरी ठरवलेली सुविधांची यादी तेवढी बदलली. आजही 2013 ची पोलो आणि 2015 ची पोलो शेजारी उभ्या केल्या तर दलाल दोन वर्षांचे पैसे वेगळे सांगेल, एअरबॅगचे सांगणार नाही.

कारखान्यापेक्षा पुरवठादार मोठा, हे तर कंपन्यांनी स्वतःच परत बोलावलेल्या गाड्यांवरून दिसतं. मारुतीची नवी वॅगनआर बाजारात आली 23 जानेवारी 2019 रोजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंधनाच्या नळीतल्या दोषाच्या शंकेवरून 40,618 वॅगनआर तपासायला बोलावल्या, त्या 15 नोव्हेंबर 2018 पासून बनलेल्या. म्हणजे बाजारात येण्याआधी दोन महिने बनत असलेल्याही त्यात आल्या. नव्या मॉडेलचा पहिला लॉट घेऊ नये, ही मेकॅनिकची म्हण इथं तरी खरी ठरली. जुलै 2020 मध्ये इंधनपंपासाठी पुन्हा बोलावणं आलं: 56,663 वॅगनआर आणि 78,222 बलेनो. वॅगनआर हरियाणातली, बलेनो मुख्यतः गुजरातेतली. राज्यं दोन, दोष एक. टोयोटाने ग्लांझा परत बोलावली तीही इंधनपंपासाठीच. ग्लांझा म्हणजे सुझुकीच्या गुजरातच्या कारखान्यातली बलेनोच, बिल्ला तेवढा टोयोटाचा. त्या बिल्ल्यासाठी चार पैसे जास्त मोजणारे बीडमध्येही आहेत! जानेवारी 2023 मध्ये तर 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या जेमतेम पाच आठवड्यांतल्या मारुतीच्या 17,362 गाड्या एअरबॅग कंट्रोलरसाठी बोलावल्या गेल्या. वर्ष विचारून यातलं काही कळत नाही, महिनाच विचारावा लागतो.

नॅनोचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जातं, म्हणून तिचा उल्लेख हवा. सिंगूरचा कारखाना सुटल्यावर सुरुवातीच्या नॅनो पंतनगरला बनल्या, जून 2010 मध्ये साणंदचा कारखाना सुरू झाला. काही गाड्यांनी पेट घेतला तेव्हा ‘घाईत बनवलेल्या पंतनगरच्या’ असं बोललं गेलं. टाटांनी 2010 च्या नोव्हेंबरात एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत देऊ केलं ते सगळ्याच नॅनोंना. मागची डिकी उघडणारी नॅनो आली 2015 मध्ये. तेव्हा नॅनोतही जागेपेक्षा साल जास्त बोलतं.

बीडकरांसाठी सालाला आणखी एक अर्थ आला आहे, तो उसातून. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि उसाचं इथेनॉल आता पेट्रोलपंपावर पोचलं आहे. 20 टक्के इथेनॉल पचवणाऱ्या नळ्या-गॅस्केट नव्या गाड्यांत एप्रिल 2023 पासून आल्या. त्याआधीच्या जुन्या गाड्यांचं मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलेलं होतं. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध बोलणं अवघड, आणि बोलण्याची गरजही नाही. पण 2012 ची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून खूश होणाऱ्याला रबरी नळ्या तपासून घे, एवढं तरी कोणी सांगायला हवं.

मग करायचं काय? परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीत गाडीचा विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा सगळं दिसतं. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करताना हे पाहिलंही जातं. त्याच पानावर ‘ही गाडी कंपनीने परत बोलावली होती का, दुरुस्ती झाली का’ ही एक ओळ असावी. मारुतीच्या संकेतस्थळावर एमए3 ने सुरू होणारा चेसिस नंबर टाकला की हे समजतं. म्हणजे माहिती आहे, फक्त आरटीओच्या टेबलापर्यंत येत नाही. कंपनीचं पत्र गेलेलं असतं पुण्यातल्या पहिल्या मालकाला. त्याने गाडी विकली, पत्ता बदलला, आणि परळीतल्या तिसऱ्या मालकाला इंधनपंपाचं नावही माहीत नाही. ती ओळ येईपर्यंत इसार देण्याआधी आरसीवरचा उत्पादनाचा महिना वाचणं आणि चेसिस नंबर स्वतः तपासणं, हे गिऱ्हाइकालाच करावं लागेल.

कायद्यातही एक फट आहे. 1 एप्रिल 2021 पासून सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देता येतो, पण त्या सात वर्षांच्या आतल्याच असाव्या लागतात. इंधनपंपासाठी बोलावलेल्या, नोव्हेंबर 2018 ते ऑक्टोबर 2019 या काळातल्या वॅगनआर 2026 संपेपर्यंत एकेक करून या मर्यादेबाहेर जातील, आणि बीडच्या बाजारात गरिबाच्या हाताला लागण्याइतक्या स्वस्त होतील त्या नेमक्या तेव्हाच.