घोषणा आधी, पात्र नंतर




ॲनिमेशन मालिकेत एखादं समलिंगी पात्र आलं, की परीक्षणांमध्ये एक ठरलेलं वाक्य हमखास सापडतं: निदान दाखवलं तरी. हे कौतुक आता आवरतं घ्यायला हवं, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. पात्राला स्वभाव नाही, राग-लोभ नाहीत, कुणाशी धड दोन वाक्यांचं बोलणं नाही, आणि तरीही ते समलिंगी असल्याचं जाहीर झालं, तर प्रेक्षकाच्या हाती फक्त बातमी लागते. माणूस भेटतच नाही.

'व्होल्ट्रॉन: लेजेंडरी डिफेंडर' या मालिकेत नेमकं हेच घडलं. नेटफ्लिक्सवर २०१६ ते २०१८ या काळात तिचे आठ सीझन आणि ७८ भाग आले. पाच वैमानिक, त्यांचे पाच यांत्रिक सिंह आणि ते सिंह जोडले गेले की उभा राहणारा महाकाय योद्धा, असा सगळा थाट. या तुकडीचा नेता शिरो. परग्रहावरच्या कैदेत एक हात गमावलेला, तरीही शांत, धाकट्यांना सांभाळून घेणारा. प्रेक्षकांचा तो अतिशय लाडका होता. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो नाहीसा होतो. पुढे परत आलेला शिरो ही त्याची हुबेहूब प्रतिकृती होती, हे सहाव्या सीझनमध्ये उघड होतं. म्हणजे मधला एवढा मोठा काळ खऱ्या शिरोच्या मनात डोकवायला वावच नव्हता.

जुलै २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात निर्माते जोआकिम दोस सांतोस आणि लॉरेन माँटगोमेरी यांनी जाहीर केलं, की शिरो समलिंगी आहे आणि ॲडम हा त्याचा जोडीदार होता. चाहते हरखून गेले. लहान मुलांनीही पाहायच्या साहसी मालिकेचा नायक, तोही जपानी वंशाचा, शरीराने जायबंदी झालेला, आणि आता समलिंगी! एवढं सगळं एका पात्रात कुणी पाहिलं होतं?

१० ऑगस्टला सातवा सीझन आला आणि ॲडम म्हणजे किती, ते कळलं. एका फ्लॅशबॅकमध्ये तो शिरोला अडवू पाहतो. शिरो आजारी आहे आणि तरी दूरच्या मोहिमेवर निघाला आहे. गेलास तर परत आल्यावर मी इथे असेन असं धरून चालू नकोस, एवढं सांगून ॲडम निघून जातो. त्यानंतर तो दिसतो तो थेट पृथ्वीवरच्या हल्ल्यात. लढाऊ विमान घेऊन झेपावतो आणि मरतो. शिरो परततो तेव्हा त्याच्या वाट्याला येतो तो स्मृतिफलक. हे दोघे भेटले कुठे, एकमेकांना हसवायचे कसे, भांडणाआधीचे त्यांचे दिवस कसे होते, यातलं काहीही मालिका सांगत नाही. दोघं जोडीदार होते हे पडद्यावर कुणी स्पष्ट शब्दांत उच्चारतही नाही. ते समजून घ्यायला जुलैतली घोषणा वाचलेली असावी लागते.

संताप उसळला. दोस सांतोस यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहून माफी मागितली, आणि ती मनापासूनची होती यावर शंका घेण्याचं कारण नाही. पण १४ डिसेंबरला शेवटचा सीझन आला तेव्हा तीच चूक दुसऱ्या टोकाने झाली. कथा संपल्यावरच्या उपसंहारात शिरोचं लग्न लागतं. कुणाशी? कर्टिसशी. हा कर्टिस ॲटलास जहाजावरचा एक कर्मचारी. त्याची आणि शिरोची जवळीक वाढतेय असं सुचवणारा एकही प्रसंग आधी नाही. ॲडमची भरपाई म्हणून घाईघाईने उभा केलेला नवरदेव, एवढीच त्याची ओळख.

या दोन सीझनच्या दरम्यान, ६ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले सहमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. त्या महिन्यांत मोबाइलवर ही मालिका पाहणाऱ्या इथल्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला शिरो किती जवळचा वाटला असेल! त्याला मिळालं काय, तर एक मृत्यू आणि एका अनोळखी माणसाशी लग्न.

याहून वेगळं जमत नव्हतं असंही नाही. त्याच जुलैच्या ६ तारखेला कार्टून नेटवर्कवर रिबेका शुगर यांच्या 'स्टीव्हन युनिव्हर्स'मध्ये रूबी आणि सफायर यांचं लग्न लागलं. रूबीच्या अंगावर पांढरा झगा, सफायर सुटाबुटात. हे लग्न पटलं, कारण त्यामागे काही वर्षांचा संसार होता. गार्नेट हे पात्र या दोघींच्या एकरूप होण्यातून घडलंय, हे २०१५ मध्येच उलगडलं होतं. त्याच वर्षी 'कीस्टोन मोटेल' नावाचा भाग आला. साथीदार पर्लने फसवल्यामुळे रूबी भडकलेली, तर सफायर वरकरणी थंड. रूबी येरझाऱ्या घालते तिथला गालिचा करपतो. सफायर बसल्या जागेवरून हलत नाही आणि खोलीभर बर्फ धरतं. या धुमसण्यात बिचारा स्टीव्हन अडकलेला. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्याचा बांध फुटतो, आपल्यामुळेच हे चाललंय असं त्याला वाटत असतं. ते ऐकून दोघी भानावर येतात. घरातल्या मोठ्यांचं भांडण ज्याने लहानपणी ऐकलंय, त्याला हे जोडपं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं: वाहिन्या करू देत नाहीत. दबाव असतो हे खरंच आहे. शुगर यांनाही वाहिनीशी दीर्घकाळ झगडावं लागलं. 'द लेजंड ऑफ कोरा'च्या अखेरीस, डिसेंबर २०१४ मध्ये, कोरा आणि असामी हातात हात घेऊन निघून जातात. या नात्याचा अर्थ सहनिर्माते ब्रायन कोनिएट्झको यांना तीन दिवसांनी स्वतः लिहून सांगावा लागला. डेना टेरेस यांच्या 'द आऊल हाउस'चा तिसरा सीझन डिस्नेने तीन मोठ्या भागांत गुंडाळायला लावला. पण तीच मालिका पाहा. नायिका लूझच्या प्रेमात पडण्याआधी ॲमिटी आपल्याला गर्विष्ठ वर्गमैत्रीण म्हणून भेटते, मग ग्रंथालयात छोट्यांना गोष्टी वाचून दाखवताना दिसते, आईच्या धाकात कोंडलेली कळते. वरून कात्री लागली तरी ॲमिटी उभी राहते, कारण ती आधी घडवलेली आहे. स्वभाव लिहायला कुठल्या वाहिनीची बंदी नव्हती. ॲडमला एखादी आवड, एखादी खोड देण्यासाठी कुणाची परवानगी लागणार होती?

वेळ कमी होता, हे उत्तरही टिकत नाही. 'आर्थर' ही अमेरिकेची बालमालिका १९९६ पासून २०२२ पर्यंत चालली. मे २०१९ च्या एका भागात त्यातल्या रॅटबर्न सरांचं लग्न होतं. पोरं आधी धास्तावतात, कारण सर एका खडूस बाईशी लग्न करणार असा त्यांचा समज झालेला असतो. ती बाई सरांची बहीण निघते आणि मांडवात सर येतात ते पॅट्रिकचा हात धरून. मुलांना धक्का बसतो तो सर नाचतात याचा! पॅट्रिक जेमतेम दिसतो, तरी प्रसंग रंगतो, कारण गृहपाठाचा डोंगर देणारे हे केकवेडे सर दोन दशकं सगळ्यांच्या ओळखीचे होते. अलाबामाच्या सार्वजनिक वाहिनीने हा भाग दाखवायचं नाकारलं, यातच त्याची ताकद कळते.

समलिंगी पात्र मरता कामा नये, असाही या पत्राचा आग्रह नाही. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातली सुमित्रा शेवटी जीव देते. पण त्याआधी ती प्रेम करते, हट्ट करते, मित्र बापूला वापरून घेते, चुकते, अपमान गिळते. १९८१ मध्ये मराठी रंगभूमीवर आलेली ही मुलगी मरते तेव्हा प्रेक्षक कुणाला तरी गमावतो. ॲडमच्या बाबतीत गमावण्याइतकं काही हाती आलंच नव्हतं.

म्हणून परीक्षकांना एक विनंती. यापुढे एखाद्या मालिकेला 'समावेशक' म्हणून शाबासकी देताना, ते पात्र जाहीर होण्याआधी किती भागांत होतं, त्याला स्वतःची काही इच्छा होती का, जोडीदाराशी त्याचं काय बोलणं झालं, हेही वाचकांना सांगावं. कर्टिसच्या तोंडी संवाद किती होते, हेसुद्धा परीक्षणात छापून यावं.

आपला,
एक नियमित वाचक