माळवदाची ऊब, माळवदाचे ओझे

१/ थंडीने घरातले नळ गोठले, पाइप फुटले, ही बातमी मराठवाड्यातील वाचकाला परदेशातली किंवा फार तर लडाखची वाटते. विष्णुपुरीचे नळ कधी गोठत नाहीत. पण पौषातल्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतून उतरलेले पाणी हातावर घेतले की बोटे बधिर होतात आणि स्लॅबच्या खोलीत दोन पांघरुणांखालीही झोप लागत नाही. मराठवाड्याची ओळख उन्हाळ्याने आणि दुष्काळाने ठरली. इथल्या घरांनी थंडीशी कसा व्यवहार केला, याचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. हा धागा त्या इतिहासाविषयी आहे, आणि तो शेवटी एका भूकंपापाशी येऊन पोहोचतो.

२/ थंडीचे स्वरूप आधी पाहू. परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोंदींत किमान तापमान ५ अंशांच्या खाली गेल्याची उदाहरणे आहेत, आणि परभणी नांदेडपासून फार दूर नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देते. दुपारी सदरा नकोसा होतो आणि पहाटे घोंगडे पुरत नाही. दिवस आणि रात्र यांच्यातले हे अंतर हीच इथल्या हिवाळ्याची खरी खूण. म्हणूनच इथल्या घरापुढचा प्रश्न युरोपातल्या घरापेक्षा वेगळा होता. ऊब निर्माण करण्याची फारशी गरज नव्हती. दुपारची ऊब पहाटेपर्यंत टिकवायची होती.

३/ या थंडीची साक्ष जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त गोदाकाठचे ग्रामजीवन वारंवार येते. तिथल्या एका गाथेतला शेतकरी ऐन माघात आपले पांघरूण विकून बैल घेतो. पत्नीच्या सहवासाची ऊब त्याला पुरेशी वाटते, आणि त्या उबेला दिलेली उपमा आहे धूर नसलेल्या कोंड्याच्या विस्तवाची. गाथा शृंगाराची आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. कुणब्याच्या घरात पांघरूण ही विकता येण्याजोगी मालमत्ता होती. आणि धुराचा विस्तव व बिनधुराचा विस्तव यांतला फरक तेव्हाच्या माणसाला नेमका ठाऊक होता.

४/ पुढच्या काळात या प्रश्नाला मराठवाड्याने दिलेले ठळक उत्तर म्हणजे माळवद. दोन-अडीच फूट जाडीच्या, कुठे त्याहूनही रुंद, दगड-मातीच्या भिंती. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलच्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. घराचे माप खणांत सांगायचे. खिडक्या जवळपास नाहीत. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा यासाठी छतात ठेवलेले भोक, म्हणजे सवणे. दाराशी ढाळज आणि पुष्कळदा त्याच छताखाली जनावरांची दावण.

५/ या रचनेचे गणित साधे आहे. दगड आणि माती सावकाश तापतात व सावकाश निवतात. दिवसभर उन्हात तापलेल्या भिंतीतून ती ऊब आत पोहोचायला कित्येक तास लागतात. बाहेर गारठा वाढतो, त्या वेळी भिंत आतल्या माणसाला दिवसाचे देणे परत करत असते. चुलीची धग आणि जनावरांच्या अंगची उष्णता त्यात भर घालते. चैत्र-वैशाखात हीच भिंत उलट काम करते आणि दुपारची आग दाराबाहेर थोपवते. इंधन न जाळता दोन्ही ऋतू सांभाळणारी ही व्यवस्था होती.

६/ माळवदावर घालायची माती कोणतीही चालत नसे. मराठी गावाचे दोन भाग पूर्वापार मानले गेले: काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. छपरावर चढे ती पांढरी माती, कारण ती दाबून बसवली की पाणी सहसा आत झिरपू देत नाही. पावसाळ्याआधी छत तपासायचे, गळतीच्या जागी नवी माती टाकायची, चोपायची. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले. थर वाढत गेला, छत अधिक उबदार झाले आणि अधिक जडही झाले. या दुसऱ्या परिणामाची मोजदाद कोणी ठेवली नाही.

७/ पाण्याचा इतिहासही असाच आहे. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. म्हणून विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यातल्या पहाटे कोमट लागते. विहिरीवर आंघोळ करणारा माणूस नकळत जमिनीची ऊब वापरत होता. आज नांदेड शहराला विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयातून पाणी मिळते. नळ घरात आला, बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, ही मोठीच प्राप्ती. पण ते पाणी रात्रभर गच्चीवरच्या टाकीत उघड्या आकाशाखाली थांबते आणि पहाटे हवेइतकेच गार होऊन खाली येते. मग ते तापवायला वीज लागते. जमीन जे फुकट देत होती, ते आता बिलात मोजले जाते.

८/ उरलेली थंडी वस्त्राने आणि विस्तवाने भागवली जाई. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे, चिंचोक्यांची खळ दिलेले घोंगडे शेतकऱ्याच्या खांद्यावर बारमाही असे. जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ घरोघरी शिवली जाई. शेतावर गोवऱ्यांची आगटी पेटे, तिच्यात ज्वारीचा हुरडा भाजला जाई आणि तिच्याभोवती गावाच्या गोष्टी होत. आगटी उघड्यावर, चूल सवण्याखाली. तरीही सारा धूर सवण्यातून जात नसे. घरातल्या बाईच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली आहे.

९/ इथवरचे चित्र रम्य वाटेल, म्हणून पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. ही ऊब कोणाची होती? दगड, सागवान आणि गवंडी यांचा खर्च परवडे तो जमीनवाला. भूमिहीनाचे आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतले घर बहुधा कुडाचे, वर गवताचे किंवा पाचटाचे छप्पर. सालगडी मालकाच्या गोठ्यात किंवा शेतावर झोपे. एकाच गावात, एकाच रात्री थंडी वेगवेगळी असे. भिंतीची जाडी ही सामाजिक उतरंडीचीही जाडी होती.

१०/ ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. सुमारे ८,००० माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. त्या मानाने मृत्यूंचा आकडा फार मोठा होता, आणि त्याचे मोठे कारण घरांच्या भिंतींत व छतांत होते.

११/ भिंत जाड होती, पण एकसंध नव्हती. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे चिपा आणि मातीचा भराव. दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. कोपरे एकमेकांत नीट गुंतलेले नव्हते. धक्का बसताच थर फाकले आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. त्यावर पिढ्यांनी चढवलेली छताची माती. गाडलेल्यांपैकी अनेकांचा श्वास त्या मातीनेच कोंडला. ज्या वजनाने ऊब धरून ठेवली होती, त्याच वजनाने माणसे मारली.

१२/ कुडाच्या आणि गवताच्या हलक्या झोपड्या मात्र तशा जीवघेण्या ठरल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या थंडीत कुडकुडलेल्यांचे छप्पर त्या पहाटे त्यांच्या जिवावर उठले नाही. याला न्याय म्हणता येणार नाही, कारण भूकंपाला न्याय-अन्याय कळत नाही. पण घर ‘चांगले’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते कोणत्या संकटासाठी चांगले, हा प्रश्न त्या पहाटेने कायमचा विचारून ठेवला आहे.

१३/ पुनर्वसन प्रचंड होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. जुन्या गावाची उतरंड अशा रीतीने नव्या आराखड्यातही उतरली. इतर शेकडो गावांत घरमालकांना दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी साहाय्य मिळाले, आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला संवाद साहाय्यक म्हणून त्या कामात उतरल्या.

१४/ पण लोकांच्या मनातून दगड उतरला होता. त्या वर्षीचा हिवाळा अनेकांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात काढला. पत्रा रात्री आकाशाइतकाच गार पडतो, तरी भिंतीच्या भीतीपेक्षा तो बरा वाटला. त्यानंतर घर म्हणजे सिमेंट, हे समीकरण पक्के झाले. चार-पाच इंचांचा स्लॅब आणि पातळ भिंत दुपारची उष्णता पहाटेपर्यंत धरू शकत नाही. हिवाळ्यात ती पहाटेआधीच निवते आणि उन्हाळ्यात रात्री आत धग सोडत राहते. जीव वाचवणारे घर मिळाले. ते आवश्यकच होते. मात्र ऊब राखण्याची व्यवस्था नव्या घराच्या हिशेबातून गळून पडली.

१५/ उष्ण प्रदेशात थंडीला हिशेबात न धरण्याची चूक मराठवाड्यापुरती नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात हिमलाट आली. तिथली वीजव्यवस्था आणि अनेक घरे तशा गारठ्यासाठी सज्ज नव्हती. वीज गेली, पाइप गोठून फुटले आणि सरकारी गणतीनुसार २४६ लोक दगावले. त्यांतले काही बंद घरात ऊब मिळवण्याच्या प्रयत्नात विषारी वायूने गेले. श्रीमंत देशातही, जी आपत्ती ‘आपल्याकडची नाही’ असे मानले जाते, तिच्यासाठी घर बांधले जात नाही.

१६/ विष्णुपुरीत हीच जोखीम लहान प्रमाणात दिसते. विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये यांमुळे परिसरात भाड्याच्या खोल्या वाढल्या आहेत. बादलीत सोडलेला विजेचा रॉड, दार-खिडकी लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, हे तिथले हिवाळ्याचे उपाय. बंद खोलीतली शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला तो उठू देत नाही. माळवदाला सवणे होते. स्लॅबला ते नाही. विस्तव जुना राहिला आणि घर बदलले, यातून हा धोका जन्मतो.

१७/ आता मताचा भाग. समाजमाध्यमांवर सध्या माळवदाच्या छायाचित्रांखाली ‘पूर्वज किती शहाणे होते’ असा सूर लागतो. तो किल्लारीच्या मृतांचा अपमान आहे. दुसरीकडे, सिमेंट म्हणजे प्रगती हा सरकारी आणि कंत्राटी सूरही तितकाच अपुरा आहे. माळवदाचा दोष त्याच्या जाडीत नव्हता, सुट्या बांधणीत आणि बेहिशेबी मातीत होता. आरपार दगड, भिंतींना कमरपट्ट्यासारखे वेढणारे आडवे बंध, आटोपशीर छत, एवढ्याने दगडी घर पुष्कळ सुरक्षित होते. कमी ताकदीच्या दगडी बांधकामाविषयीचे भारतीय मानक १३८२८ हेच सांगते. ते १९९३ सालचेच आहे.

१८/ म्हणजे सुरक्षित घर हवे की उबदार, अशी निवड करण्याची सक्ती कधीच नव्हती. ती सक्ती घाईने, भीतीने आणि सर्वत्र एकच नकाशा वापरण्याच्या सवयीने निर्माण केली. आजच्या घरकुल योजनांमध्येही लाभार्थ्याच्या हाती येते ती बहुधा पातळ भिंत आणि वर पत्रा किंवा उघडा स्लॅब. गरिबाच्या वाट्याला पूर्वी कूड होता, आता पत्रा आहे. थंडी तीच आहे. घरकुलाच्या निकषांत मराठवाड्याचा हिवाळा एक ओळ म्हणून तरी आला पाहिजे.

१९/ भूकंपाला गृहीत धरता येत नाही, हेही विसरू नये. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली आणि नांदेड परिसर ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने हादरला. अनेक गावांत जुनी माळवदे अजून उभी आहेत, त्यांत माणसे राहतात, आणि त्यांतल्या कित्येक छतांवर मातीचा जुना थर तसाच आहे. तो उतरवून हलका करणे आणि भिंतींना बंध देणे हे जतनाचेही काम आहे आणि जीवरक्षणाचेही.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक निकडीचे काम शिल्लक आहे. माळवद बांधणारे गवंडी, वडार, सुतार आता म्हातारे झाले आहेत. कोणती माती, किती जाड, कोणते लाकूड, छत कधी उतरवायचे, ही माहिती त्यांच्या बोलण्यात आहे, दप्तरात नाही. शेवटचा हात थांबण्यापूर्वी ती लिहून घेतली पाहिजे. त्या लेखनात ऊब आणि ओझे या दोहोंची नोंद असावी. त्यांतले एकच लिहिले, तर पुढची पिढी पुन्हा थंडीत तरी झोपेल किंवा ढिगाऱ्याखाली तरी.