स्क्रममध्ये लेथवाला कुठे आहे?

यंत्रे-उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांत सध्या अजाईल आणि स्क्रमचे वारे आहे. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. स्प्रिंट संपला की ड्रॉईंगवर 'डन'चा शिक्का. त्या ड्रॉईंगमधला भाग मात्र अजून कुठल्या तरी गाळ्यात कच्च्या लोखंडाच्या रूपात पडलेला असतो. याला स्क्रम म्हणायला मी तयार नाही. वुजू झाला, सफ लागली, पण नियतच नाही, तर त्या उठबशीला कुणी नमाज म्हणत नाही.

"स्क्रम मुळात सॉफ्टवेअरचा, हार्डवेअरमध्ये थोडी तडजोड करावीच लागते," असे सांगितले जाते. इतिहास उलटा आहे. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या लेखात रग्बीतला हा शब्द उत्पादनविकासासाठी वापरला. त्यांनी अभ्यासलेल्या वस्तू कोणत्या? फोटोकॉपी यंत्रे, कॅमेरे, होंडाची मोटार. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो नंतर उचलला; अजाईलचा जाहीरनामा तर २००१ सालचा. म्हणजे स्क्रम कारखान्यातूनच गेला होता. परत येताना चिठ्ठ्या तेवढ्या आल्या, माणसे वाटेत गळाली.

कोणती माणसे? फुजी-झेरॉक्सने सुटे भाग पुरवणाऱ्यांना अगदी सुरुवातीलाच आपल्या कारखान्यात बोलावून सोबत कामाला लावले होते. कॅननच्या छोट्या कॉपियरमध्ये दुरुस्तीची खरी कटकट ड्रमची होती, म्हणून तो बदलता येईल अशा कार्ट्रिजमध्ये बसवायचे ठरले. पण ते परवडणार कसे? त्या गटाने बिअरचा अॅल्युमिनियमचा डबा हातात घेऊन विचारले, हा एवढा स्वस्त कसा बनतो? वस्तू कशी असावी आणि ती कशी बनते, हे दोन्ही प्रश्न तिथे एकाच टेबलावर होते.

आता एक आक्षेप खरा आहे. कोड रात्रीत बदलतो, इंजेक्शन मोल्ड नाही. त्याला लाखो रुपये आणि कित्येक आठवडे लागतात. उत्तर आहे मॉड्यूल. सांधा आधी पक्का करा, मग सांध्याच्या आतले हवे तितक्या वेळा बदला. फ्रेमवर्क कंपनीचा लॅपटॉप २०२१ साली आला. पुढच्या दोन वर्षांत आलेले इंटेल आणि एएमडीचे नवे मदरबोर्ड त्याच जुन्या बॉडीत बसतात. फेअरफोन २ च्या ग्राहकांना २०१७ साली फक्त कॅमेऱ्याचा मॉड्यूल बदलून घेता आला. उलट गूगलच्या प्रोजेक्ट आरामध्ये प्रोसेसर, स्क्रीन आणि बॅटरी शेवटी सांगाड्यातच पक्की करावी लागली आणि २०१६ साली प्रकल्पच गुंडाळला गेला. सांधा कुठे ठेवायचा, हा पहिला निर्णय आहे. तो चुकला तर पुढचे शंभर स्प्रिंट वाया.

आणि सांध्याचे शहाणपण कुणाकडे असते? जो भाग घासतो, बसवतो, बिघडला की उघडतो, त्याच्याकडे. कुठल्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर शिरणार नाही, हे त्याला ड्रॉईंग पाहताच कळते. त्याच्याकडे मात्र सगळे ठरून झाल्यावर ड्रॉईंग जाते, सोबत सर्वांत कमी दराची मागणी. भाग बसला नाही तर दोषही त्याचाच.

आपल्यासाठी हा प्रश्न परका नाही. सच्चर समितीने २००६ सालीच दाखवून दिले होते, की मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात आणि छोट्या उत्पादनात जास्त आहेत, नियमित पगाराच्या नोकरीत कमी. 'टीम' म्हणजे फक्त पगारपत्रकावरची माणसे, असे ठरवले की लेथवरचा, वेल्डिंगवरचा आपला मुलगा आपोआप बाहेर राहतो. त्याला कुणी हाकलावे लागत नाही; व्याख्याच ते काम करते. हे फक्त त्याचे नुकसान नाही, त्या वस्तूचेही आहे.

म्हणून स्क्रमचे झेंडे मिरवणाऱ्यांकडे मागणी सरळ आहे. पहिल्या बैठकीला कारागिराला बोलवा आणि त्या वेळेचे पैसे द्या. नमुना बनवण्याचे पैसे वेगळे द्या, मोठ्या ऑर्डरचे गाजर दाखवून फुकटात मागू नका. आणि भाग हातात येऊन शेजारच्या भागाला बसेपर्यंत 'डन' म्हणू नका. एवढे जमत नसेल तर भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढून टाका.