ईस्टरची अंडी आणि कांद्याची सालं



ईस्टर जवळ आला की दुकानात प्लॅस्टिकची रंगीत अंडी लटकायला लागतात. शाळेच्या उपक्रमासाठी तुम्हीही कधी आणली असतील. माझं स्पष्ट मत आहे, ती आणू नका. घरात रोज कांदे चिरले जातात ना? त्यांची सुकी सालं आठवडाभर साठवा.

ही युक्ती माझी नाही. लात्व्हिया, लिथुएनिया या देशांत ईस्टरची अंडी पिढ्यान्‌पिढ्या कांद्याच्या सालीत रंगवतात. अंड्यावर एखादं पान चिकटवायचं, पातळ कापडात घट्ट बांधायचं आणि सालीच्या पाण्यात उकळायचं. कापड सोडलं की विटकरी अंड्यावर पानाची फिकट नक्षी! आपल्याकडे कोथिंबिरीचं पान घ्या, मस्त उमटतं. ग्रीसमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी अंडी लाल रंगवतात. तो लाल रंग म्हणजे ख्रिस्ताचं रक्त. मग ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून कोणाचं टिकतं ते बघतात. युक्रेनमध्ये तर कच्च्या अंड्यावर वितळलेल्या मेणाने रेघा काढतात आणि मग ते रंगात बुडवतात. मेणाखाली रंग चढत नाही, आपल्या बाटिकसारखं. त्या अंड्याला ‘पिसांका’ म्हणतात आणि हा शब्द ‘लिहिणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. म्हणजे तिथे अंडं लिहितात!

आता विकतच्या अंड्यातून यातलं काय शिकाल? घरी मात्र पातेल्यातच प्रयोगशाळा असते. जांभळी कोबी उकळा, पाणी जांभळं होईल. त्यात व्हिनेगर घाला, ते गुलाबी होईल. पण पांढरं अंडं त्यात रात्रभर ठेवलं तर निघतं निळं! कवच कॅल्शिअम कार्बोनेटचं, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, म्हणून कोबीचा रंग तिथे पालटतो. दर्शकाचा धडा असा कायमचा लक्षात राहतो.

एक चूक कबूल करतो. गेल्या वर्षी वर्गात मी चकचकीत, विकतच्या अंड्यांना जास्त गुण दिले. एका मुलीने सालीत रंगवलेलं, डागाळलेलं अंडं आणलं होतं. तिला ‘नीटनेटकेपणा कमी’ असा शेरा दिला. तिने ते अंडं दप्तरात टाकलं आणि नंतर कुणालाच दाखवलं नाही. शिक्षक बंधू-भगिनींनो, गुण द्यायचेच असतील तर मुलाला विचारा, ‘हे कसं केलंस?’ आणि उत्तराला गुण द्या.

ज्या घरात अंडं चालत नाही त्यांनी सुती कापडाची पट्टी तुरटीच्या पाण्यात भिजवून त्याच सालीच्या पाण्यात उकळावी. तिची तोरणं छान होतात.

बाकी कृती सोपी. दोन-तीन मुठी सालं अर्धा तास उकळा, गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला आणि त्यात अंडी दहा-बारा मिनिटं शिजवा. गॅसजवळ मोठं माणूस हवंच. खायची असतील तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, आपल्याकडचं ऊन माहीत आहे ना? आणि पातेलं जुनंच घ्या, नाहीतर आईची बोलणी खाल.