फौजीचे कागद

दिवाळी आणि हयातीचा दाखला पाठोपाठ येतात. फराळाचे डबे रिकामे होत आले की सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या बँकांत आणि सेतू केंद्रांत पेन्शनरांची रांग लागते. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक. आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी सांगावं लागतं. ते मशीनवर अंगठा टेकवून सांगायचं, आणि नांगर-बंदुकीने झिजलेला अंगठा मशीनला ओळखू येत नाही. मग नातू मोबाईल समोर धरतो आणि आजोबांना पापणी मिटायला सांगतो. फौजेची पेन्शन आता ‘स्पर्श’ नावाच्या संगणकी व्यवस्थेतून येते. तिचा हिशेब प्रयागराजला होतो आणि पासवर्ड नातवाकडे असतो.

यंदाचा अंक माजी सैनिकांवर काढायचा ठरला तेव्हा एक गोष्ट आम्ही पहिल्यांदा पक्की केली. लढायांवर काही छापायचं नाही. ते पुष्कळ छापून झालंय, आमच्याही अंकांनी छापलंय. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण जपलेली आहे आणि ती जपायलाच हवी. पण जे परत आले, गुडघा, कान, पाठ किंवा झोप गमावून आले, त्यांची पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्या साहित्यात जवळपास नाहीत. ती वर्षं बहुतेक अर्ज करण्यात जातात, आणि अर्जावर कोण कादंबरी लिहिणार?

डिसॅबिलिटी पेन्शन हा या अर्जांमधला सगळ्यात अवघड प्रकार. जवान घरी येण्याआधी त्याला वैद्यकीय मंडळापुढे उभं करतात. फौजेत त्याला नुसतं ‘बोर्ड’ म्हणतात. बोर्ड दोन गोष्टी ठरवतं. अपंगत्व किती टक्के, आणि ते नोकरीमुळे आलं किंवा नोकरीने वाढलं का. निदान वीस टक्के भरलं आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तरच पेन्शन. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं आणि त्यापुढचं पंचाहत्तर किंवा शंभर, अशी सवलत १९९६ पासून लागू आहे. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती द्यायची की नाही, यावर सरकार वर्षानुवर्षं भांडलं. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने द्यायची म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे तो वाद मिटला.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. त्यावर न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात इतका स्वच्छ निकाल दिलाय की तो प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लावावा. १९८५ साली भरती झालेला हा शिपाई अपस्माराच्या कारणाने नऊ वर्षांनी घरी पाठवला गेला. आजाराचा नोकरीशी संबंध नाही, असं बोर्डाने लिहिलं आणि पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाचं म्हणणं असं : भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी त्याला ठोकून-बजावून घेतला. तेव्हा आजाराची नोंद नव्हती, तर तो नोकरीत झाला असंच धरायचं. तसं नसेल तर ते कारणांसह दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला.

एवढं सगळं दिल्लीत ठरलं. जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही. तिथे पोचतं ते एका ओळीचं इंग्रजी पत्र, दावा फेटाळल्याचं. त्या पत्राविरुद्ध सहा महिन्यांत अपील करता येतं हे ज्याला वाचता येतं तो अपील करतो. बाकीचे ते पत्र देवघरामागच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतात.

या अंगाने नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बघण्यासारखे आहेत. २०१५-१६ ते २०१९-२० या काळात निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी दरवर्षी ३६ ते ४० टक्क्यांना डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली. जवान आणि जेसीओंमध्ये हे प्रमाण १५ ते १८ टक्के होतं. अहवाल आला आणि गैरफायद्याची चर्चा सुरू झाली. रक्तदाब, मधुमेह हे ‘जीवनशैलीचे आजार’ आहेत, त्यांचा फौजेशी काय संबंध, असं म्हटलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे, अधिक कडक नियम लागू झाले. गैरफायदा कुणी घेतच नाही असा आमचा दावा नाही. अधिकारी जास्त वय होईपर्यंत नोकरीत राहतात, हाही मुद्दा खरा. तरीही या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. बर्फात, वाळूत आणि खंदकात अधिक दिवस काढणाऱ्या जवानाचं शरीर साहेबाच्या निम्म्यानेही झिजत नाही, हे पटण्यासारखं आहे का? साहेबाला कागद कळतो. कुठल्या दिवशी कुठली नोंद करून घ्यायची, बोर्डापुढे काय बोलायचं, नकार आला तर कुणाला गाठायचं, हे त्याला माहीत असतं. नियम कडक झाले की कागद जाणणारा आणखी नीट कागद करतो आणि न जाणणारा बाहेर फेकला जातो.

जवानाचा कागद मुळात तयारच होत नाही, त्याला कारण आहे. तोफखान्यातल्या माणसाच्या कानात दहाव्या वर्षापासून शिट्टी वाजत असते. पण एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन सांगितलं तर लो मेडिकल कॅटेगरी लागेल, ती लागली की हवालदारकी लांबेल. म्हणून तो सांगत नाही. झोप लागत नाही हे तर तो बायकोलाही सांगत नाही. ‘मेंटल’ हा शिक्का पलटणीतही नको असतो आणि गावातही. मग वीस वर्षांनी बोर्ड विचारतं, आधीची नोंद कुठे आहे? ज्या गुणासाठी त्याची पाठ थोपटली, कुरकुर न करण्याचा, तोच गुण फाईलमध्ये त्याच्या विरोधात जातो.

आणि नावं. या विषयावर खरं तर वेगळा अंक निघेल. आपल्याकडे लग्नात तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत होती. माहेरची सुमन सासरी येऊन लक्ष्मी झाली. जवान रजेवरून पलटणीत परतला आणि क्लार्कला बायकोचं नाव सांगितलं. क्लार्क बिहारचा किंवा पंजाबचा. त्याने कानाला लागलं तसं इंग्रजीत उतरवलं, आडनाव गाळलं, पुढे ‘बाई’ जोडलं. रेशनकार्डावर तिसरं नाव, आधारवर चौथं. नवरा असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शनसाठी बाई उभी राहते आणि ती त्याची बायको आहे हेच आधी सिद्ध करावं लागतं : प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, मग सुधारित पीपीओ. रेकॉर्ड ऑफिसही एका जागी नाही. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं सिकंदराबादला. जन्मतारखांचा तर विचारच नको. मास्तरांनी शाळेत घालताना १ जून ही तारीख टाकलेल्या पिढीतले निम्मे पेन्शनर आज एकाच दिवशी वाढदिवस साजरा करू शकतील! त्या एका तारखेपायी आधार आणि डिस्चार्ज बुक जुळत नाही आणि ‘स्पर्श’ पुढे सरकत नाही.

ज्याला पेन्शनच मिळाली नाही त्याची गत याहून वाईट. अशांची सेवेची कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याची फौजेची पद्धत आहे. पोरं शिकून शहाणी होऊन बापाच्या हक्काचं बघू म्हणेपर्यंत तिकडे कागदाची राख झालेली असते. आणि उशिराची आणखी एक किंमत आहे, ती गावोगाव सांगायला हवी. पेन्शनचा दावा कितीही जुना असला तरी करता येतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे दावा लावण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. पंधरा वर्षं गप्प बसलेल्याची बारा वर्षं गेली ती गेली.

औषधपाण्याबद्दल थोडक्यात, कारण या अंकात एका डॉक्टरांचा सविस्तर लेख आहे. १ एप्रिल २००३ रोजी ईसीएचएस सुरू झाली आणि माजी सैनिकाला कुटुंबासह उपचाराचा आधार मिळाला. ही योजना चांगलीच आहे, तिला नावं ठेवणाऱ्यांनी त्याआधीचे दिवस आठवावेत. अडचण आहे ती पोचण्याची. पॉलिक्लिनिकचं पत्र घेतल्याशिवाय एरवी खासगी रुग्णालयात जाता येत नाही. पॉलिक्लिनिक शहरात, माणूस वाडीत, पहाटेची एसटी चुकली की दिवस गेला. औषध नाही, पुढच्या आठवड्यात या, असं उत्तर मिळालं की दुसरा दिवसही गेला. बिलं महिनोन्महिने थकली की यादीतली रुग्णालयं हात आखडतात. खाट रिकामी नाही, एवढंच सांगतात. हार्ट अटॅक आला म्हणून यादीबाहेरच्या जवळच्या दवाखान्यात नेलं तर दोन दिवसांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. त्या दोन दिवसांत घरच्यांना दुसरं काही सुचत नसतं, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

पुण्याने मात्र या बाबतीत खूप केलंय. खडकीची क्वीन मेरीज संस्था १९१७ पासून जखमी जवानांना हातचा धंदा शिकवते. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. कमरेखाली निकामी झालेल्यांसाठीचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून खडकीतच आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं आणि अर्जुन पुरस्काराला २०२५. सुवर्णपदकवाल्याची ही कथा, तर इतरांच्या कागदाला किती वर्षं लागत असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. आपल्याच अपंग सैनिकांविरुद्ध अपिलं लढवत बसण्याच्या सवयीवर त्या समितीने नेमकं बोट ठेवलं. समितीचा अहवाल वाचनीय आहे, आणि अपिलं नंतरही होत राहिली.

म्हणून आमचं मत असं झालंय की नव्या योजनेची घोषणा, ध्वजदिनाची वर्गणी, शाल-श्रीफळ यांच्याआधी या माणसांना कागद वाचणारा माणूस हवा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात, बहुतेक स्वतः माजी सैनिक, आणि त्यातले कित्येक जीव तोडून काम करतात. पण एकाकडे किती तालुके असतात ते एकदा जाऊन बघा. गावात निवृत्त शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, कायद्याची शेवटच्या वर्षाची मुलं आहेत. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत माहिती अधिकारात मागता येते. तो अर्ज एका पानाचा असतो. ती प्रत आली की नकाराचं कारण दिसतं, बऱ्याचदा कारण दिलेलंच नाही हे दिसतं, आणि तिथेच खटला उभा राहतो. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झालं, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. या अंकात पान ठेवून या अर्जांचे मराठी नमुने छापले आहेत. दिवाळी अंकात अर्जाचे नमुने छापले म्हणून कुणी हसलं तर हसो.

नव्या पिढीचं काय, हेही आताच बोलायला हवं. खडकवासल्याच्या एनडीएत शिकताना जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या मुलांना, ती अजून अधिकारी झाली नव्हती या कारणाने, माजी सैनिकाचे हक्क मिळत नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय घेतला आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना ईसीएचएस खुलं केलं. चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांचा प्रश्न यापेक्षा कितीतरी मोठा आहे. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर त्यांना टक्केवारीनुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी मदत आहे, पण डिसॅबिलिटी पेन्शन नाही. चार वर्षांनी घरी येणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. पहिली तुकडी २०२६ संपता संपता परत येऊ लागेल. त्यात आपल्याही तालुक्यांतली मुलं असतील, पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांच्या आईवडिलांना आमचं सांगणं आहे : पोराला फोनवर विचारा, दुखतंय का, आणि दुखत असेल तर आजच सिक रिपोर्ट कर म्हणावं. निघताना वैद्यकीय कागदांची प्रत हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस, हेही सांगा.