निम्मे दिले म्हणजे झाले का?

परवा पुण्याहून एका फायनल इयरच्या मुलाची मेल आली. "सर, एडीसीच्या इनपुटला कपॅसिटर टाकलेत आणि १.८ व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ०.९ व्होल्ट बायस दिलाय. कॉमन मोडचं काम झालं ना?"

झालं, असं मीही समजत होतो. इथे नोकरीला लागलो तेव्हाचा माझा पहिलाच बोर्ड. डिफरन्शियल एडीसीला दोन इनपुट, आणि त्या दोन्ही व्होल्टेजची सरासरी म्हणजे कॉमन मोड. सिग्नल २ व्होल्ट पीक-टू-पीक असेल, तर प्रत्येक इनपुट ०.४ ते १.४ मध्ये हलतो. झोपाळ्यासारखंच आहे हे. कडी खाली सरकली की पाय जमिनीला घासणार.

मी चिपच्या व्हीसीएम पिनपासून प्रत्येक इनपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला होता. २० मेगाहर्ट्झ क्लॉकवर सगळं झकास. ८० वर नेलं की डिस्टॉर्शन! दोन आठवडे मी आधी चिपला आणि मग क्लॉकला शिव्या घातल्या. शेवटी एका सीनिअरने मुकाट्याने इनपुटला मीटर लावला. ०.७ व्होल्ट!

बाकीचे ०.२ गेले कुठे? तर एडीसीच्या आतला सँपलिंग कपॅसिटर प्रत्येक सँपलला थोडा चार्ज ओढतो. क्लॉक चौपट, की सरासरी करंटही चौपट. माझ्या चिपमध्ये ५० चे २०० मायक्रोअँपिअर झाले होते. गुणिले १ किलोओहम, करा हिशेब! रेझिस्टर १०० ओहमचे केले, खालची फ्रीक्वेन्सी कापली जाऊ नये म्हणून कपॅसिटर दसपट केले, आणि ड्रायव्हरला तो भार झेपतो ना तेही पाहिलं. ट्रान्सफॉर्मर असता तर त्याच्या सेंटर टॅपला व्हीसीएम देऊन सुटलो असतो.

माझं स्पष्ट मत असं की आपल्याकडे कॉलेजात एडीसी म्हटलं की बिट्स आणि नायक्विस्ट घोकून घेतात, पण "सिग्नल नक्की कुठे बसलाय?" हे कोणी विचारत नाही. व्हायवाचा पहिला प्रश्न खरं तर हाच हवा. कागदावरचे ०.९ हा आपला नुसता विचार झाला. क्लॉक चालू असताना पिनवर जे मिळतं ते खरं.

त्या मुलाला मी एवढंच लिहिलं: पूर्ण क्लॉकवर मीटर लाव आणि आकडा कळव.

अजून उत्तर आलेलं नाही. बहुतेक रेझिस्टर बदलत असावा!